तपकिरी खाटीक की नकल्या खाटीक?

सप्टेंबरच्या अखेरीस बांधावरच्या बाभळीतून अचानक कर्कश खरखर सुरू झाली, की समजायचं: तपकिरी खाटीक हा पक्षी आला. सैबेरिया-मंगोलियाकडे पिल्लं वाढवून हा आपल्याकडे हिवाळा काढायला येतो आणि आल्या आल्या हद्दीसाठी भांडतो! बरेचदा दरवर्षी तीच जागा धरतो. एप्रिल-मेपर्यंत परत रवाना.

नकल्या खाटीक इथलाच. काटेरी झाडावर घरटं बांधतो, इतर पक्ष्यांच्या आवाजांची झकास नक्कल करतो. आकाराने मोठा, डोकं राखाडी, पंख काळे, शेपूट लांब. तपकिरी साधारण १८-१९ सेंटिमीटरचा. पाठ मातकट, डोळ्यांवर काळी पट्टी आणि वर पांढरी भुवई. गोंधळ झाला तर आधी भुवई नाही, डोकं बघा.

शिकारीची रीत मात्र एकच. उघड्या फांदीवर बसून जमिनीकडे टक लावायची, नाकतोडा दिसताच झेप. पायांत ससाण्याचं बळ नसल्याने मोठं भक्ष्य काट्यात खोचून चोचीने फाडतात. नाव उगाच खाटीक नाही पडलं.

देखणा नकल्याच. पण मला ओढ त्या मातकट पाहुण्याची. मूठभर जीव, वजन जेमतेम ३०-३५ ग्रॅम, आणि एवढा प्रवास.