वाकलं की मांडीमागे ओढतं: ताण द्यावा की वजन उचलावं?

बुटाची नाडी बांधायला वाकलं की मांडीच्या मागे ओढ बसते. अशा वेळी ट्रेकचे सोबती, सोसायटीतले काका, घरातली मंडळी सगळे एकमुखाने सांगतात, "शीर आखडलीय, ताण दे." जिममधला एखादाच म्हणतो, मांडीत ताकद नाही, वजन उचला. मी दोन्ही करून बसलोय. तेल आणि शेक मी या वादात धरत नाही. रात्री बरं वाटतं, खुशाल करावं (मधुमेहामुळे पायाला गरम-थंड नीट कळत नसेल तर गरम पिशवी जपून), पण सकाळी वाकलं की दुखणं जागच्या जागी असतं.

निवड करण्याआधी दुखणं मांडीचंच आहे ना, एवढं बघून घ्या. मागचे हॅमस्ट्रिंग स्नायू आपण ज्यावर बसतो त्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली जातात. म्हणून गुडघे सरळ ठेवून वाकलं की ते दोन्हीकडून ताणले जातात आणि गुडघे जरा दुमडले की ओढ कमी होते. आता खुर्चीत पोक काढून बसा, दुखरा पाय समोर सरळ करा आणि फक्त मान खाली-वर करा. मान उचलल्यावर मांडीतली कळ कमी होत असेल तर संशय कमरेतून येणाऱ्या नसेवर घ्यावा. पोटरीच्या खाली उतरणारी कळ किंवा मुंग्या असतील तरी तेच. मग पुढचं वाचण्याऐवजी डॉक्टरांना दाखवलेलं बरं. धावताना 'फट्' झालं असेल आणि मांडी काळीनिळी पडली असेल तरीही.

ताणाच्या बाजूने बोलायचं तर सोय मोठी. सामान लागत नाही, ऑफिसात टेबलाला धरूनही जमतं आणि आराम लगेच मिळतो. तो आराम खोटा नसतो. फक्त काही आठवड्यांच्या स्ट्रेचिंगने स्नायूची लांबी फारशी वाढत नाही, मुख्यतः ताण सोसायची सवय वाढते. म्हणून रोज नव्याने द्यावा लागतो.

तेही चाललं असतं. माझं बिनसलं ते बसण्यावरून. सकाळी मनसोक्त पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन करावं, उठताना पाय हलका वाटावा आणि दुपारच्या मीटिंगमध्ये खुर्चीत नेमकं त्या हाडावर ठणकायला लागावं. एका कुशीवर सरकून बसायचं, मग दुसऱ्या. स्कूटरवर सिग्नल लागला की एक पाय खाली टेकवून अर्धवट उभं राहायचं. ताण दिला नाही त्या दिवशी हे कमी, दिला त्या दिवशी जास्त. फिजिओने कारण सांगितलं ते पटलं: दुखणं स्नायूच्या मुळाशी, हाडाला चिकटलेल्या कंडरेत (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागात) असेल तर खोल वाकल्यावर ती कंडरा हाडावर दाबली जाते. म्हणजे ज्याने बरं वाटतं, त्यानेच ती चिडते. बसताना ते हाड दुखत असेल तर ही शंका जरूर घ्या.

वजनाचा मार्ग कंटाळवाणा आहे, हे आधीच सांगतो. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर वर उचलायची, म्हणजे ब्रिज, मग टाचा लांब ठेवून, मग एका पायावर. ते जमलं की वजन हातात घेऊन कमरेतून हळू वाकणं, म्हणजे रोमानियन डेडलिफ्ट. आधी अर्धवटच वाकायचं. डंबेल नसेल तर ट्रेकच्या सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरा. सुरुवातीला एक-दोन दिवस जिना उतरताना मांड्या बोलतात. व्यायाम करताना दुखणं दहापैकी तीन-चारपर्यंत गेलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत निवळलं तर चालतं, असा फिजिओंचा ढोबळ नियम. कंडरेचं दुखणं असेल तर तीन महिने किंवा त्याहून जास्त धरून चाला. मला खुर्चीत सरळ बसता यायला लागलं ते याच मार्गाने, त्यामुळे माझं मत थोडं झुकलेलं आहे, हे लक्षात घेऊनच वाचा.

2013 सालचा स्वीडनमधला एक अभ्यास या बाजूने सांगितला जातो. हॅमस्ट्रिंग दुखावलेल्या 75 फुटबॉलपटूंपैकी ज्यांना स्नायू लांबलेला असताना त्याला काम देणारे व्यायाम दिले, ते सरासरी 28 दिवसांत पूर्ण सरावाला परतले. नेहमीच्या व्यायामवाल्यांना 51 दिवस लागले. पण ती अचानक झालेली दुखापत होती आणि ते तगडे खेळाडू, म्हणून आपल्या रेंगाळणाऱ्या दुखण्याला हा आकडा जसाच्या तसा लावू नये.

दोन्ही मांड्या सारख्याच आखडलेल्या, दिवसभर कॉम्प्युटरसमोर काम आणि बसल्यावर हाड अजिबात दुखत नाही, असं असेल तर मात्र ताणाने सुरुवात करायला माझी हरकत नाही. गुडघा किंचित सैल, पाठ सरळ, अर्धा मिनिट, झटके न देता. दोन्ही करायचंच असेल तर आधी वजन सुरू करा. ताण मात्र बसताना हाड दुखायचं थांबल्यावरच.