सेल्फ-वॉटरिंग कुंडी, आफ्रिकन व्हायोलेट आणि आमचं खारं पाणी

या कुंडीला आधी दोन तारे दिले होते, आता साडेतीन देते आहे. कापलेला दीड तारा सगळाच्या सगळा वातीचा.

कुंडी पाहिली असेलच तुम्ही: आत जाळीचं भांडं, बाहेर टाकी, मधून लोंबणारी वात, पाणी किती आहे ते दाखवणारा लाल दांडा. किंमत ३९९. आफ्रिकन व्हायोलेट हे घरात ठेवायचं लहान फुलझाड; त्याच्या मधल्या गाभ्यात, जिथून नवी पानं फुटतात, पाणी साचलं की तो कुजतो, आणि थंड पाणी लागलं की केसाळ पानांवर डाग पडतात. म्हणून खालून पाणी ओढणारी कुंडी या झाडाला सोयीची, त्याबद्दल तक्रार नाही. पण सोबत दिलेली वात सुती! रात्रंदिवस ओल्यात राहिलेलं सूत कुजणार, हे आमच्याकडे देवासाठी वाती वळणारी कोणतीही बाई सांगेल. पावसाळा सरेपर्यंत ती चिकट होऊन तुटली. टाकी भरलेली, दांडा वर, आणि झाडाने माना टाकलेल्या. दांडा टाकीतलं पाणी दाखवतो, मुळांना मिळतं की नाही ते नाही.

ग्राहक सेवेला फोटो पाठवले. उत्तर आलं, वात वॉरंटीत येत नाही. बरंच भांडल्यावर नवी पाठवली, तीही सुतीच. कुरियरवाला गावात येत नाही, तालुक्याला जाऊन आणा म्हणाला. वातीपेक्षा एसटीचं तिकीट महाग पडलं.

ती वात तशीच पाकिटात आहे. कुंडीत लेकीच्या जुन्या स्वेटरची लोकर ओवली. अ‍ॅक्रिलिक असल्याने कुजत नाही, पाणीही छान चढतं. पैसे शून्य.

तरी कळ्या येईनात. पानं मधे आक्रसून घट्ट झाली, मातीवर पांढरा थर आला, आणि देठ कुंडीच्या कडेला टेकतात तिथे काळे पडू लागले. आमचं गाव पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात. बोअरचं पाणी टाकीत घातलं की वात ते वर ओढते, पाणी उडून जातं आणि मीठ वर साठत राहतं. वरून पाणी दिलं तर थोडं तरी धुऊन निघतं, इथे तीही सोय नाही. पत्रकात मात्र छापलंय, 'कोणतेही पाणी चालेल'. एकदा अकोला-अमरावतीकडे येऊन बघा म्हणावं.

मग पावसाळ्यात पन्हाळीखाली ड्रम लावला, पहिल्या सरींचं पाणी सोडून दिलं. ड्रम संपला की फिल्टरच्या कॅनमधलं पाणी. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "आमी जलमभर खारंच पानी पेलो, अन् या झाडाले फिल्टरचं!" त्यांचंही खरं आहे. पण महिन्यातून एकदा टाकी काढून, गाभा वाचवत, वरून हेच पाणी सोडून मीठ धुवायला लागल्यापासून नवी पानं सैल यायला लागली आणि दिवाळीनंतर फुलं सुरू झाली. दीड तारा तिथे वाढला. थंडीत पाणी कोमट करूनच.

माती आपली काळी अजिबात नको, वातीवर ती चिखल होऊन बसते. धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (पांढरे हलके खडे) निम्मं-निम्मं. सहा इंची कुंडी मागवू नका, दिसायला कितीही छान असली तरी. झाड या टोकाच्या पानापासून त्या टोकाच्या पानापर्यंत जेवढं रुंद, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या रुंद तोंडाची कुंडी पुरते, मोठ्या कुंडीत मुळं पसरेपर्यंत फूल दिसत नाही. बाजूने फुटणारी पिल्लं काढत जा.

उजेडासाठी पूर्वेची खिडकी, नाहीतर एलईडी ट्यूबखाली बारा तास. रात्री निदान आठ तास अंधार हवाच, नाहीतर पानं होतात, कळ्या नाही. ही सोय भारनियमनाने अधूनमधून फुकटात केली.

उन्हाळ्याबद्दल पत्रकात एक ओळ नाही. हे मूळचं टांझानियातल्या उसांबारा डोंगरांतल्या सावलीचं झाड. १८९२ मध्ये सेंट पॉल नावाच्या जर्मन अधिकाऱ्याने तिथून बी जर्मनीला पाठवलं आणि त्याच्या नावावरून झाडाला सेंटपॉलिया म्हणू लागले. त्याला १८ ते २७ अंश मानवतात, आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५. तेव्हा फुलांची आशा सोडा, झाड वाचवा. टाकी रिकामी करून वात ओढून काढा, कारण उकाड्यात कायम ओली राहिलेली मुळं सडतात. कळ्या खुडा, खत बंद, कुंडी माठाशेजारी जमिनीवर. कूलरची हवा थेट नको, त्यातही खारंच पाणी असतं.

दुसरी कुंडी मी विकत घेतली नाही. श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणाला भोक पाडून लोकर सोडली, वर प्लास्टिकचा पेला ठेवला. त्यात पानाच्या देठापासून केलेलं रोप आहे, तेही फुललंय, म्हणजे ३९९ मधले बरेचसे त्या लाल दांड्याचेच. हातात वेळ नसेल तर कुंडी घ्या. घेतलीत तर वात आधी बदला आणि लोकर भिजवूनच ओवा, कोरडी वात पाणी ओढायला सुरुवातच करत नाही.