स्प्रिंग स्टीलच्या नावाखाली घातलेली टोपी

चिलखत बनवून देतो म्हणून इसार घेणारा आणि मग वर्षभर ताटकळत ठेवणारा प्रत्येक माणूस चोर नसतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण सगळी गोम इथेच आहे. या धंद्यातले खरोखर चांगले कारागीर मोजकेच, प्रत्येकाकडे गिऱ्हाइकांची रांग, आणि एकेक शिरस्त्राण हातोड्याखालून काढायला आठवडे लागणार. त्यामुळे उशीर म्हणजे दर्जा, असं आम्हा हौशी मंडळींच्या डोक्यात पक्कं बसलंय. लवकर माल देणाऱ्याकडेच आम्ही संशयानं बघतो. मला ज्यानं गंडवलं त्यानं आमची ही खोड ओळखून तिच्यावरच दुकान थाटलं होतं.

ज्यांना हा छंद माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 15व्या शतकात इंग्लंडच्या गादीसाठी लँकेस्टर आणि यॉर्क या दोन घराण्यांत लढाया झाल्या. त्यातली ट्यूक्सबरीची लढाई 4 मे 1471 ची. दरवर्षी जुलैमध्ये त्याच गावात हौशी लोक ती पुन्हा लढतात. शेकडो माणसं, तंबू, चुली, धनुष्यबाण, आणि धार बोथट केलेली पण वजनाला खरीखुरी हत्यारं. मी नोकरीनिमित्त इंग्लंडच्या मध्यभागात, मिडलंड्समध्ये आलो, एका सहकाऱ्यानं या गटात ओढलं आणि आता यॉर्कच्या बाजूनं लढतो. कोल्हापूरच्या माणसाला यॉर्कचं काय पडलंय, असं घरचे विचारतात. लँकेस्टरवाल्यांचा गट घरापासून लांब होता, एवढंच.

नवीन माणूस पहिले एक-दोन हंगाम उसनं चिलखत घालून काढतो. मग स्वतःचं हवंसं वाटतं. मला सॅलेट हवं होतं, म्हणजे मानेवर मागे शेपटीसारखं निमुळतं होत गेलेलं शिरस्त्राण. त्याच्या खाली हनुवटी आणि गळा झाकणारं बेव्हर, छातीचं कवच आणि लोखंडी हातमोजे. एका मेळ्यातल्या बाजारात या माणसाचं टेबल होतं. टेबलावर ठेवलेलं एक शिरस्त्राण खरंच सुरेख होतं. कडा आत वळवलेल्या, रिव्हेट एका ओळीत, आतून हातोड्याचे बारीक ठसे. ते त्यानं बनवलेलंच नव्हतं, हे पुढे कळलं. माझं डोक्याचं माप त्यानं इतक्या आस्थेनं घेतलं की शिंपीही घेणार नाही.

ठरलं ते असं. 1.6 मिलिमीटरचं स्प्रिंग स्टील, म्हणजे स्प्रिंगा बनवतात ते कार्बन असलेलं पोलाद, माथ्याला 2 मिलिमीटर, सगळं तेलात विझवून पाणी दिलेलं. निम्मी रक्कम आधी. कार्डानं दिली तर फी जाते, थेट बँकेत टाकली तर तेवढी सूट देतो, असं तो म्हणाला. ही सूट लक्षात ठेवा.

आता पाणी देण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण खरी चोरी तिथे होती. कार्बन असलेलं पोलाद लालबुंद तापवून तेलात किंवा पाण्यात एकदम थंड केलं की ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. मग ते पुन्हा बेतानं तापवायचं, म्हणजे कडकपणा थोडा उतरतो आणि लवचीकपणा येतो. छिन्नीला, कोयत्याला पाणी देणारा आपला लोहार हेच करतो. ऑग्सबर्ग आणि इन्सब्रुकच्या नावाजलेल्या चिलखत-कारागिरांची कीर्तीही बरीचशी या कसबावर उभी होती. पत्रा तोच, आकार तोच, पण पाणी दिलेल्या पत्र्यावर घाव बसला तर तो दबून परत येतो आणि न दिलेल्यावर खोक पडते ती तशीच राहते. आणि दिसायला? दिसायला दोन्ही सारखेच. पॉलिश केल्यावर तर अजिबात ओळखू येत नाही. स्प्रिंग स्टील वापरलं हे अगदी खरं असलं तरी त्याला पाणी दिलेलं नसेल तर तुम्ही जादा पैसे नुसत्या नावाचे मोजलेत.

जुन्या काळी यावर उपाय होता. ऑग्सबर्गमध्ये कारागिरांच्या संघाकडून माल तपासला जायचा आणि मग त्यावर पाइनच्या फळाचा शिक्का उमटायचा. लंडनच्या चिलखतवाल्यांच्या संघाला 1453 मध्ये राजाची सनद मिळाली, आणि तो संघ नावापुरता का होईना आजही आहे. पण आज हौशी लोकांसाठी बनणाऱ्या चिलखतावर कुणाचा शिक्का नाही. तपासणारे आपणच.

पैसे गेल्यावर नेहमीचं सुरू झालं. आधी पाठ धरली, मग स्टीलचा पुरवठादार बदलला, मग वर्कशॉपमध्ये पाणी शिरलं. गटातली जुनी खोडं हसायची. "फक्त वर्षच झालंय ना? माझ्या पायांच्या कवचाला तीन लागली होती." खरोखर लागली होती, आणि ते कवच अप्रतिम आहे. अशा लोकांत बसून तक्रार करायची तरी कशी?

अधूनमधून तो काम कुठवर आलंय याचे फोटो पाठवायचा. त्यात एका फोटोत मागे टांगलेलं दुसऱ्या कुणाचं तरी छातीचं कवच दिसत होतं, "हे पण माझंच काम" अशा ओळीसकट. त्या कवचाला भाला टेकवायचा आकडा होता, पण डाव्या बाजूला. घोडेस्वार भाला उजव्या काखेत धरतो, म्हणून आकडा उजव्या छातीवरच असतो. म्हणजे फोटो आरशासारखा उलटवलेला होता. मूळ फोटोच्या शोधात तो पकडला जाऊ नये म्हणून ही युक्ती. मी तो सुलटा करून इंटरनेटवर शोधला, तर पोलंडमधल्या एका कारागिराच्या पानावर निघाला. विचारलं तर उत्तर तयार होतं: "तो माझा मित्र, आम्ही एकत्र काम करतो." पोलंडच्या माणसाला मी लिहिलं. त्यानं याचं नावही ऐकलं नव्हतं.

फोटोचं विचारल्याबरोबर माझा माल अचानक तयार झाला. उरलेले पैसे घेऊन महिनाभराच्या आत खोका घरी आला. खोका इंग्लंडातलाच, वर त्याच्या वर्कशॉपचं झोकदार लेबल. शिरस्त्राण चकचकीत, कातडी पट्टे नवे. मी ते डोक्यावर घालून आरशापुढे उभा असताना बायको हातमोज्यांच्या बोटांत कोंबलेला कागद काढत होती. बोटांचा आकार चेपू नये म्हणून तसा कागद भरतात.

"अरे, हे बघ. हिंदी पेपर आहे हा."

देहरादूनच्या एका कोचिंग क्लासची अर्धी जाहिरात होती ती. खोका बदलला, लेबल लावलं, पट्टे नवे घातले, पण दहा बोटांतला कागद काढायचा कंटाळा त्याला भोवला. आणि तो कागद इंग्रज गिऱ्हाइकाच्या हाती पडला असता तर सरळ कचऱ्यात गेला असता.

ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगतो, पाश्चात्त्य हौशी मंडळींच्या तलवारी आणि चिलखतं आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर बनतात, आणि देहरादून हे त्याचं जुनं केंद्र आहे. तिथल्या निर्यातदारांचे कॅटलॉग चाळायला बसलो, तर एकात माझं सॅलेट सापडलं. रिव्हेटची मांडणी तीच, डोळ्यांच्या फटीचा आकार तोच. खाली स्वच्छ लिहिलं होतं: माइल्ड स्टील, 18 गेज. म्हणजे साधं, कमी कार्बनचं पोलाद, साधारण 1.2 मिलिमीटर जाडीचं. किंमत मी मोजलेल्याच्या पाचव्या हिश्शापेक्षाही कमी. बेव्हरच्या आत, पट्ट्याखाली, ग्राइंडर फिरवून काहीतरी खरवडलेलं होतं. त्या कारखान्याचा नंबर असणार.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगतो. त्या देहरादूनच्या कारखान्यानं कुणालाही फसवलं नाही. जे आहे ते लिहिलं आणि त्याचेच पैसे घेतले. नाटकात, मिरवणुकीत, दिवाणखान्यात ठेवायला तो माल उत्तम आहे. हा प्रकार कळल्यावर गटातल्या एक-दोघांनी "इंडियन माल" म्हणून नाक मुरडलं तेव्हा मला फसवणुकीपेक्षा त्याचाच राग जास्त आला. चोर इंग्लंडातला होता आणि त्याचं टेबल यांच्याच बाजारात होतं.

कागद हा पुरावा नव्हे, म्हणून स्टील तपासलं. आमचे बाबा शिरोली एमआयडीसीत आयुष्यभर फाउंड्रीत, त्यामुळे कानस हातात धरायला कुणी शिकवावं लागलं नाही. ठरावीक कडकपणाच्या कानशींचा संच बाजारात मिळतो, प्रत्येकीवर रॉकवेलचा, म्हणजे कडकपणाच्या मापाचा आकडा असतो. नीट पाणी दिलेल्या चिलखतावर 40 ची कानस नुसती घसरायला हवी. माझ्या शिरस्त्राणाच्या आतल्या बाजूला ती लोण्यासारखी चावली. जाडी मोजताना मात्र एक खबरदारी घ्यावी लागते. कडेला व्हर्नियर लावून भागत नाही. पत्रा आत ठोकत ठोकत खोलगट केला की माथ्याला ताणला जाऊन पातळ होतो, आणि घाव नेमका माथ्यावर बसतो. एका ओळखीच्यानं ऑफिसातलं अल्ट्रासॉनिक यंत्र आणलं. माथ्याला 1 मिलिमीटरही भरला नाही. कबूल केले होते 2.

हा फक्त पैशांचा प्रश्न नाही. आमच्याकडे बिल नावाचं हत्यार असतं, माणसापेक्षा उंच दांड्याला बसवलेला कोयताच म्हणा. धार नसली तरी त्याचं वजन पुरेसं असतं. याच माणसाकडून घेतलेला हातमोजा गटातल्या एका पोरीनं सरावात घातला होता. घावानं बोटावरची पट्टी वाकून आत रुतली आणि बोट मोडलं. तोवर कुणालाच शंका आली नव्हती. चिलखत आहे म्हणून माणूस हात पुढे करतो, नसतं तर मागे घेतला असता.

डागडुजीच्या नावाखाली याच माणसानं केलेला उद्योग तर ऐकवत नाही. आमच्यातल्या एका आजोबांकडे 1640 च्या दशकातलं, इंग्लंडच्या यादवी युद्धातलं छातीचं अस्सल कवच होतं. गंज थांबवून पट्टे बदलून दे, एवढंच काम. परत आलं ते आरशासारखं चकचकीत. तारेचं चाक फिरवून चारशे वर्षांचा काळसर थर उडवलेला, आणि छातीवरचा खळगा मागून ठोकून सपाट केलेला. तो खळगा म्हणजे त्या काळी कवच पारखायला मुद्दाम झाडलेल्या गोळीची खूण होती. जुन्या कवचावर लोक आधी तीच शोधतात. आजोबांनी वर त्याचं बिलही भरलं होतं. जुनी वस्तू दुरुस्त करणारा माणूस काम घेण्याआधी "काय काय करायचं नाही" हे स्वतःहून सांगत नसेल, तर वस्तू उचलून घरी आणा. तेल, मऊ फडकं आणि मेणाचा हात यापलीकडे बहुतेक वेळा काही लागत नाही.

पैशांचं काय झालं ते सांगतो. ब्रिटनमध्ये 1974 च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम 75 नुसार 100 पौंडांच्या वर आणि 30,000 पर्यंत किमतीच्या वस्तूसाठी क्रेडिट कार्डवाली बँकही विक्रेत्याइतकीच जबाबदार असते. नुसता इसार जरी कार्डानं दिला असला तरी पूर्ण व्यवहाराला ते संरक्षण मिळतं. आता ती "सूट" आठवा. काही टक्के सोडून त्यानं हे सगळं कलमच माझ्या हातून काढून घेतलं होतं. ऑक्टोबर 2024 पासून बँकांना फसवून करवून घेतलेल्या पैशांच्या हस्तांतराची भरपाई द्यावी लागते, पण माझ्या बँकेनं सांगितलं की माल पोचलाय, म्हणजे हा तुमचा आपसातला वाद.

विक्रेता म्हणाला, खास मापानं बनवलेली वस्तू परत घेता येत नाही. चौदा दिवसांत विचार बदलण्याचा हक्क अशा वस्तूंना लागू नसतो, हे खरंच आहे. पण सांगितल्याबरहुकूम नसलेला माल 30 दिवसांत नाकारण्याचा हक्क 2015 च्या ग्राहक कायद्यात वेगळा आहे, आणि तो मापाच्या वस्तूलाही लागू होतो. मी मुदतीत लेखी नाकारलं आणि छोट्या रकमांच्या दाव्यासाठी कोर्टात अर्ज केला. इंग्लंड-वेल्समध्ये 10,000 पौंडांपर्यंत वकील न घेता हा दावा ऑनलाइन करता येतो. सोबत कॅटलॉगचं पान, कानशीचे फोटो, जाडीचे आकडे आणि देहरादूनचा तो चुरगळलेला कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून दिला. त्याची पंचाईत बघा. कारखान्याचा माल म्हणावं तर वर्णन खोटं, स्वतः बनवलं म्हणावं तर बोटांत हिंदी पेपर कसा? तो सुनावणीला आलाच नाही.

निकाल माझ्या बाजूनं लागला, पण वसुली ही निराळीच लढाई. काही रक्कम आली, बाकीसाठी बेलिफ, म्हणजे वसुली करणारे अधिकारी, मागे आहेत. मधल्या काळात त्यानं नाव बदललंय, लेबलही नवं आहे. टेबलावर मात्र तेच सुंदर शिरस्त्राण ठेवलेलं असतं, आणि ते विकायला नाही असं तो सांगतो. तुम्हाला कुणी असा भेटला तर इसार देण्याआधी त्याच्या वर्कशॉपमध्ये जातो म्हणा, आणि अर्धवट झालेला तुमचा तुकडा भट्टीशेजारी बघायला मागा. खरे कारागीर त्यावर कुरकुरतात, पण चहा करून दाखवतात. पुण्या-मुंबईहून मागवणाऱ्यांनी निदान व्हिडिओ कॉलवर, त्याच क्षणी, कानस लावून दाखवायला सांगावं. ट्यूक्सबरीला येणार असाल तर यॉर्कच्या तळावर माझी चौकशी करा. 40 ची आणि 45 ची कानस माझ्या तंबूत असते. खरेदीआधी घेऊन जा, संध्याकाळी परत आणा.