रिओचे फुलपाखरू-ट्रे: निळ्याआधी कड बघा

रिओ दि जानेरोची आठवण म्हणून पर्यटकांनी नेलेले हे जुने ट्रे आजही विक्रीला येतात. लाकडी चौकट, कडेला दोन-तीन रंगांच्या लाकडाचं जडावकाम, मध्ये काच आणि काचेखाली मॉर्फो फुलपाखराचे पंख कापून केलेलं आकाश नि समुद्र. विक्रेता हमखास निळ्याकडे बोट दाखवतो. पंख खरे असतील तर तपासायची सर्वांत कमी गरज त्या निळ्यालाच असते.

मॉर्फोचा निळा हा रंगद्रव्याचा नाहीच. पंखावरच्या खवल्यांत अतिसूक्ष्म पापुद्र्यांची रचना असते, तिच्यामुळे निळा प्रकाश जोरात परततो. त्यामुळे तो सहसा विटत नाही. शेजारचे तपकिरी-पिवळे पंख रंगद्रव्यावर अवलंबून असतात. ते उन्हात फिकट पडतात. निळ्याचा खरा शत्रू म्हणजे आत शिरलेला द्रव. पापुद्र्यांमधल्या फटी भरल्या की निळा हिरवट होतो. स्पिरिट उडून गेलं तर रंग परततो, तेल मात्र बसून राहतं.

म्हणून आधी काच आणि चौकट यांचा सांधा बघावा. तिथे काळपट डाग असतील तर ओल आत गेली आहे. कडेशी बारीक भुकटी आणि कुरतडलेले पंख दिसले तर कीड. असा ट्रे सोडून द्यावा. काच काढून साफ करण्याचा मोह टाळावाच, कारण खवले काचेला चिकटून निघून येतात आणि पुन्हा बसवता येत नाहीत.

नकली निळा म्हणजे बहुधा चकचकीत वर्ख किंवा छापील कागद. दहापट भिंगातून खऱ्या पंखावर कौलांसारख्या ओळींतले खवले आणि शिरा दिसतात. ट्रे तिरका केला की निळा बदलतो, मंदावतो.

काळाबद्दलचे दावे ऐकताना चित्र नीट बघा. रिओतल्या कोर्कोवाडो डोंगरावरचा ख्रिस्ताचा पुतळा १९३१ मध्ये पूर्ण झाला. तो चित्रात उभा असेल आणि विक्रेता ‘१९२० चा ट्रे’ म्हणत असेल, तर वाद घालायचं कारण उरत नाही. (पुतळा नसण्याने मात्र काहीच सिद्ध होत नाही.)

भिंतीवर, थेट ऊन न येणाऱ्या जागी टांगायला ही वस्तू उत्तम. चहा न्यायला मात्र अजिबात नको: एक सांडलेला कप सांध्यातून आत जायला पुरेसा आहे. पुसायचं तर फडकं कोरडं घ्यावं. ओलं लागलंच तर जेमतेम दमट करून, तेही कडेपासून बोटभर दूर.