झॉर्क १: काही महिने खेळल्यानंतर

आमच्या पिढीची डॉसची, म्हणजे विंडोजच्या आधीच्या संगणकांची आठवण म्हणजे प्रिन्स ऑफ पर्शिया हा गेम. नुसत्या मजकुरावर चालणाऱ्या त्याआधीच्या गेमबद्दल लोक हळवे होतात तेव्हा मी आपला ऐकत बसायचो. शेवटी त्यातलाच झॉर्क उतरवून घेतला. यात जागेचं वर्णन वाचायचं आणि काय करायचं ते टाइप करायचं. गेले काही महिने रात्री जेवणं आटोपली की लॅपटॉपवर तोच उघडलेला असतो.

आधी तांत्रिक बाजू. १९७७ साली एमआयटीमधल्या चौघांनी पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर तो लिहायला घेतला. घरगुती संगणकात मावेना म्हणून इन्फोकॉम या कंपनीने त्याचे तीन भाग पाडले. पहिला १९८० मध्ये आला. गेम कुठल्याही एका संगणकासाठी न लिहिता त्यांनी झेड-मशीन नावाच्या कल्पित यंत्रासाठी लिहिला. त्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम असला की गेम कुठेही चालतो. त्यासाठी मी फ्रॉट्झ वापरतो. फुकट आहे, कुरकुर नाही. गेमची फाइल शंभर केबीच्याही आत! नोव्हेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने मूळ सोर्स कोडही खुला केला.

'चित्रं डोक्यात उभी राहतात' असं याचं कौतुक होतं. मला तरी तसं झालं नाही. वर्णनं तुटपुंजी आणि बरीचशी कोरडी आहेत. मला धरून ठेवलं ते नकाशाने. पाठकोरे कागद आणि पेन्सिल घेतल्याशिवाय बसूच नका. गेम एका पांढऱ्या घरापाशी सुरू होतो. त्या घराच्या पश्चिमेला उभे असताना उत्तरेला गेलात तर घराच्या उत्तर बाजूला पोचता. तिथून दक्षिणेला वळलात तर खिडक्या फळ्या ठोकून बंद. म्हणजे आलात तसे परत जाता येत नाही, कोपऱ्याला वळसा घालावा लागतो. हे कळलं की नकाशात बाणांची दिशा नीट लिहायची सवय लागते. पुढे भुलभुलैयात सगळ्या खोल्यांचं वर्णन एकसारखं. खूण म्हणून एकेका खोलीत एकेक वस्तू टाकायची, तर चोर येऊन उचलून नेतो. या चोराचा मला फार राग यायचा. पण त्याला घाईने मारू नका, त्याच्याकडून एक काम करून घ्यायचं आहे. कोणतं ते सांगत नाही.

स्वयंपाकघरातल्या पिशवीत लसूण आहे, ती मात्र घ्याच. खाणीत वटवाघूळ भेटेल तेव्हा कळेल. दहा ठिकाणं हिंडून झाल्यावर अशी एखादी वस्तू उपयोगी पडली की अर्धी रात्र वसूल होते.

खटकणारंही आहे. कंदिलाची बॅटरी संपते आणि अंधारात ग्रू नावाचा राक्षस खातो. उजेड असेल तिथे कंदील बंद ठेवायचा आणि वरचेवर सेव्ह करायचं, एवढंच आपल्या हातात. पण एखादी वस्तू आधीच वाया घालवली असेल तर पुढे जाता येणार नाही हे गेम सांगत नाही. तो आपला चालूच राहतो. हा निव्वळ छळ आहे आणि जुन्या काळाच्या नावाखाली तो माफ करायला मी तयार नाही. हुकूम इंग्रजीतच टाइप करावे लागतात, पण शब्दाची पहिली सहाच अक्षरं तपासली जातात, त्यामुळे लांब शब्द अर्धवट लिहिले तरी चालतं. खोलीत परत आल्यावर वर्णन त्रोटक होतं. दर वेळी पूर्ण वर्णन हवं तर सुरुवातीलाच 'व्हर्बोस' (verbose) टाइप करून टाका.

३५० गुणांचा गेम आहे. मी अजून धरणाच्या आसपास घुटमळतोय. नेटवर पूर्ण उत्तरं आहेत, तयार नकाशेही आहेत. उत्तर अगदीच अडलं तर बघा, नकाशा मात्र स्वतःच काढा.