मोटर बदलण्याआधी दोष सिद्ध करणारा ऑटो इलेक्ट्रिशियन

साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटात ट्रकच्या रांगेमागे अडकलो असताना आमच्या दहा वर्षांच्या पेट्रोल गाडीचा तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकू लागला. एसी बंद करून हीटर पूर्ण सोडला, जागा मिळताच गाडी कडेला घेतली आणि बॉनेट उघडले, तेव्हा इंजिन एवढे तापूनही रेडिएटरचा पंखा जागचा हललेला नव्हता. खरे तर गाडीने आधीच सांगून पाहिले होते. दोन आठवडे सिग्नलला थांबलो की एसीचा गारवा जायचा आणि गाडी पळू लागली की परत यायचा. एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरलाही हाच पंखा हवा देतो. वेगात असताना समोरचा वारा त्याचे काम करतो, त्यामुळे मोकळ्या रस्त्यावर हा दोष झाकून राहतो.

पुण्यात परतल्यावर पहिल्या गॅरेजने पंख्याच्या कनेक्टरवर मीटर लावले, पूर्ण व्होल्टेज दिसले आणि ‘करंट पोचतोय, म्हणजे मोटर गेली’ असा निकाल देऊन मोटरसह पंख्याचा पूर्ण संच बदलण्याचा 7,800 रुपयांचा अंदाज हातात ठेवला. निकाल पटण्यासारखा होता, तरी दुसरे मत घ्यावे म्हणून सातारा रस्त्यालगतच्या एका गल्लीतील ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली. हे परीक्षण त्यांच्या कामाचे आहे.

त्यांनी आधी मला गाडीत बसवून एसी लावायला सांगितला आणि स्वतः रिलेच्या, म्हणजे पंख्याचा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या, डब्यावर बोट ठेवून उभे राहिले. रिले टकटकला. ‘म्हणजे हुकूम येतोय साहेब, सेन्सर आणि कॉम्प्युटरच्या मागे आज लागायचे नाही,’ असे म्हणून त्यांनी निम्मी शक्यता एका मिनिटात बाजूला काढली. फ्यूज काढून न पाहता त्याच्या दोन्ही टोकांना टेस्ट लॅम्प लावला. दोन्हीकडे दिवा लागला, म्हणजे फ्यूज शाबूत होता. शेजारचा त्याच क्रमांकाचा रिले अदलाबदल करून पाहिला, पण फरक पडला नाही, म्हणजे दोष रिलेतही नव्हता.

यानंतर त्यांनी जे केले, त्यासाठीच मी हे लिहीत आहे. पंख्याचा कनेक्टर सोडवून त्यावर त्यांनीही मीटर लावले आणि त्यांनाही जवळपास 14 व्होल्ट दिसले. मग त्यांनी हेडलाइटचा जुना 55 वॉटचा बल्ब दोन वायरींनी त्याच कनेक्टरला जोडला. बल्बची तार नुसती लालसर झाली आणि मीटरचा आकडा 3 व्होल्टच्या आसपास कोसळला. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे जळक्या, अर्धवट टेकलेल्या जोडातूनही ते पूर्ण व्होल्टेज दाखवते. भार पडला की खरे काय ते कळते. बल्बचे एक टोक थेट बॅटरीच्या प्लसला नेल्यावर तो लख्ख पेटला, म्हणजे अर्थिंग (मायनसची जोडणी) चांगले होते आणि दोष प्लसच्या बाजूला होता. शेवटी जाड वायरीने, मध्ये फ्यूज टाकून, पंख्याला बॅटरीवरून थेट करंट दिला आणि ज्या मोटरचा मृत्युदाखला मला आधीच मिळाला होता ती पूर्ण वेगाने फिरली.

दोष रिले ज्यात बसतो त्या सॉकेटमध्ये होता. पंख्याकडे करंट सोडणाऱ्या 87 क्रमांकाच्या पिनेची पकड सैल होऊन तिथे वर्षानुवर्षे उष्णता साचली होती; भोवतीचे प्लास्टिक तपकिरी होऊन वितळले होते आणि तांब्याचे टर्मिनल काळे पडले होते. त्यांनी ते टर्मिनल आणि वीतभर वायर बदलली. नंतर पंखा चालू ठेवून बॅटरी आणि पंख्याची वायर यांमधली व्होल्टेजची घट मोजली, ती 0.3 व्होल्ट भरली, आणि छोटा स्कॅनर लावून इंजिन तापू दिले. 97 अंशांवर पंखा सुरू झाला, 91 वर थांबला. असे सलग तीनदा झाल्यावरच त्यांनी बॉनेट लावले. एकूण आकार 650 रुपये झाला. काळे टर्मिनल कागदात गुंडाळून मला परत दिले.

उणिवाही सांगायला हव्यात. बसायला जागा नाही, पावती हाताने लिहिलेली मिळते, आणि फोन न करता गेल्यास गाडी दुसऱ्या दिवसावर जाते. माझे काम तीन तास चालले. ज्या नव्या गाड्यांत पंख्याचा वेग कमीजास्त करणारे स्वतंत्र मॉड्यूल असते, त्यांची पूर्ण तपासणी आपल्या साधनांनी होत नाही, हे त्यांनी मी विचारताच सांगितले. अशा गाडीसाठी मी त्यांचे नाव सुचवणार नाही. रिलेवर चालणाऱ्या पंख्याची तक्रार असेल, तर मात्र कोणताही भाग विकत घेण्याआधी गाडी त्यांच्यासमोर उभी करावी, आणि ती तापलेली असल्यास इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये.

गेल्या महिन्यात त्याच घाटात पुन्हा ट्रकमागे वीस मिनिटे गेली. एसी चालू होता. काटा मधल्या खुणेवर होता आणि थोड्या थोड्या वेळाने पंख्याची घरघर आत ऐकू येत होती.