कॅरव्हॅनच्या पायरीचा रिकॉल : दुरुस्ती चोख, कळवण्याची रीत मात्र सदोष

चिमूर तालुक्यात, ताडोब्याच्या कोलारा प्रवेशद्वाराच्या अलीकडे, आमचे पर्यटकांसाठीचे छोटे निवासस्थान आहे आणि त्याच्या जोडीला प्रवासी वाहनाच्या चेसिसवर (खालच्या सांगाड्यावर) बांधून घेतलेली एक कॅरव्हॅन, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडीही आम्ही चालवतो. तिच्या दाराखालच्या विजेवर उघडणाऱ्या पायरीत दोष आढळल्याने गाडी बांधणाऱ्या कारखान्याने त्या खेपेच्या सर्व गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या, म्हणजेच त्यांचा रिकॉल केला. ही दुरुस्ती आणि ती मिळेपर्यंत आलेला अनुभव, या दोन्हींचे हे परीक्षण आहे. कारखान्याचे नाव देत नाही. हीच पायरी बसवणारे, गाड्यांची बॉडी बांधणारे इतरही कारखाने आहेत आणि वाचकाने नावापेक्षा पायरीकडे पाहावे, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

आधी पायरीविषयी. दार उघडले की चौकटीतला चुंबकाचा स्विच कंट्रोल बॉक्सला इशारा देतो, बारा व्होल्टची मोटर फिरते आणि गाडीच्या पोटाखाली घडी होऊन बसलेल्या दोन पायऱ्या बाहेर येतात. दार लावले की त्या परत आत जातात. जमिनीपासून गाडीची फरशी गुडघ्याच्या वर असल्याने वयस्क माणसाला या पायरीवाचून चढता येत नाही. चिमूरच्या घोडायात्रेला किंवा रामटेकला जाणाऱ्या मंडळींत नऊवारीतल्या आजीबाई हमखास असतात. एका हाताने दांडा, दुसऱ्या हाताने निऱ्या आणि सगळा भार पुढच्या एका पावलावर, अशा रीतीने त्या चढतात. पायरीची खरी परीक्षा तिथे होते, शोरूममध्ये नव्हे.

दोष नेमका काय होता, हे गाडीखाली आडवे होऊन पाहिल्यावरच समजले. पायरी पूर्ण बाहेर आली की तिच्या जोडदांड्या मध्यरेषेच्या, म्हणजे एका सरळ रेषेत येण्याच्या जागेच्या, किंचित पलीकडे जाऊन अडकतात आणि मग माणसाचे वजन मोटरवर न येता थेट सांगाड्यावर जाते. आमच्या पायरीत दोन्ही बाजूंच्या दांड्या ज्या पट्टीला पिनेने जोडल्या होत्या, ती पट्टी पातळ होती आणि चेसिसला लावलेल्या तिच्या वेल्डिंगच्या टोकापासून केसाएवढी चीर निघाली होती. चिरेच्या कडेला गंजाची तांबूस रेघ उमटलेली असल्याने ती जुनी असल्याचे स्पष्ट दिसत होते. पट्टी वाकली की दांडी मध्यरेषेपर्यंत पोहोचते, पण पलीकडे जात नाही; पायरी उघडलेली दिसते, मोटरचा आवाजही थांबतो, आणि तरीही ती अडकलेली नसते. वजन पडताच ती गाडीकडे झुकते. कारखान्यातल्या मिस्त्रींनी हे एका वाक्यात सांगितले : ‘भाऊ, पायरी उतरली म्हणजे बसली, असं नाही होत जी.’

त्यात आपल्याकडच्या मातीची भर पडते. पावसाळ्यात पांदण रस्त्यावरून गेलेल्या गाडीच्या पोटाला काळ्या मातीचा जो चिखल बसतो, तो वाळल्यावर दगडासारखा होतो आणि सांध्यात शिरला तर दांडीची शेवटची हालचाल अडवतो. डांबरी रस्त्यावरच फिरणाऱ्या गाडीत हा दोष कदाचित पुष्कळ उशिरा उघड झाला असता.

आता रिकॉलविषयी. सूचना आली ती मोबाइलवर, इंग्रजीत, एका पानाची. ‘प्रवेश-पायरीच्या जोडणीत संभाव्य त्रुटी’ असल्याने गाडी कार्यशाळेत आणावी, एवढाच तिचा आशय होता. पायरी कोसळू शकते का, तोवर ती वापरावी की नाही, दुरुस्तीला किती वेळ लागेल, खर्च कोणाचा, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तिच्यात नव्हते. गाडी धुणारा मुलगा, चालक आणि पाहुण्यांना हात देऊन चढवणाऱ्या मावशी या तिघांचा पायरीशी रोजचा संबंध, आणि तिघांनाही ती सूचना वाचता येण्यासारखी नव्हती. आम्ही फोन करून विचारले तेव्हा कुठे ‘पायरी आत घेऊन तिचा फ्यूज काढून ठेवा आणि तोवर वेगळे स्टूल वापरा’ असे उत्तर मिळाले. मूळ पत्रात हेच वाक्य मराठीत छापायला काय हरकत होती?

मनोरंजनासाठीच्या अशा गाड्या अमेरिकेत फार मोठ्या संख्येने वापरात आहेत आणि त्यांच्या प्रवेश-पायऱ्यांसाठी तिथे रिकॉल झालेले आहेत. तिथल्या 1966 च्या वाहन सुरक्षा कायद्याखालील नियमांनुसार दोष निश्चित झाल्यावर उत्पादकाने पाच कामकाजाच्या दिवसांत राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाला कळवायचे असते आणि मालकांना साधारण साठ दिवसांत टपालाने पत्र पाठवायचे असते. त्या पत्रात दोषाचे वर्णन, त्यातून होऊ शकणारी इजा आणि दुरुस्ती विनामूल्य असल्याचे स्पष्ट लिहावे लागते. सुटा भाग तयार नसेल, तरी धोक्याची पूर्वसूचना थांबवता येत नाही. ती आधी जाते, दुरुस्तीचे पत्र मागाहून. आमच्या हाती आलेल्या कागदात कमतरता होती ती नेमकी याचीच.

आपल्याकडेही कायदा नाही असे नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 110 अ आले आणि रिकॉलचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले. सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांना ते लागू आहेत; उत्पादक आणि आयातदार यांच्याबरोबर वाहनात मागाहून फेरबदल करून देणारेही त्यांच्या कक्षेत येतात; आणि सक्तीच्या रिकॉलमध्ये दंडाची रक्कम दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत जाऊ शकते. उत्पादकाने दोष स्वतःहून सरकारला कळवून रिकॉल सुरू केला, तर हा दंड होत नाही. म्हणजे प्रामाणिकपणे पुढे येणाऱ्याला कायद्याने सवलत ठेवलेली आहे. मालकाला टाळाटाळीचा अनुभव आला, तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये सदोष उत्पादनाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येते. आम्हाला त्याची गरज पडली नाही, हे कारखान्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

कारण प्रत्यक्ष दुरुस्ती उत्तम झाली. भिसी-उमरेड मार्गे नागपूरकडे गाडी नेली, सकाळी दिली आणि संध्याकाळी परत मिळाली. चिरलेल्या पट्टीवर नुसता वेल्डिंगचा टाका न मारता त्यांनी ती कापून काढली, जाड पत्र्याची नवी पट्टी त्रिकोणी आधारासह चेसिसला बोल्टने बसवली आणि पिनेच्या जागी नायलॉक नटाचा (हादऱ्यांनी सैल न होणाऱ्या नटाचा) बोल्ट घातला. सांध्यातले बुश, म्हणजे झीज सोसणाऱ्या नळ्या, बदलले. पायरीवरची घासलेली खरखरीत पट्टीही, न मागता, नवी लावली. मग दोन कामगारांना एकाच वेळी खालच्या पायरीवर उभे करून दार पुन्हा पुन्हा उघडले-लावले आणि दांडी मध्यरेषेपलीकडे गेल्याचे मला बॅटरीच्या उजेडात दाखवले. सांध्यांना जाड ग्रीस थापू नका, त्याला धूळ चिकटून पुन्हा तेच होईल, चिखलातून आल्यावर पाण्याच्या फवाऱ्याने सांधे धुवा, हा सल्लाही तिथेच मिळाला. त्यानंतर उन्हाळ्याचा पर्यटन हंगाम पार पडला आणि पहिल्या पावसात गाडी चिखलातूनही गेली. पायरी डगमगलेली नाही.

मला न आवडलेली एक बाब अजून उरते. गाडी नेण्या-आणण्याचे डिझेल आणि त्या दिवशीचे रद्द झालेले आरक्षण आमच्याच माथी आले. शंभरएक किलोमीटरवरून गाडी बोलावण्याऐवजी एक मिस्त्री, वेल्डिंगचे यंत्र आणि तयार पट्ट्या घेऊन त्यांची गाडी तालुक्याच्या ठिकाणी आली असती, तर आमच्यासारख्या इतर मालकांचेही काम एका फेरीत उरकले असते. हे मी त्यांना सुचवले. त्यांनी ऐकून घेतले, आश्वासन काही दिले नाही.

दुरुस्तीला पाचपैकी साडेचार आणि सूचना देण्याच्या पद्धतीला दीड गुण. ज्यांनी अशी कॅरव्हॅन जुन्या बाजारातून घेतली आहे, त्यांच्यापर्यंत मात्र ती अपुरी सूचनाही पोहोचली नसण्याचा संभव आहे, कारण कारखान्याकडे पहिल्याच मालकाचा नंबर असतो. त्यांनी चेसिसवरचा सतरा अक्षर-अंकी क्रमांक कारखान्याला कळवून आपली गाडी त्या खेपेतली आहे का, हे विचारावे, आणि दुरुस्ती झाल्यावर कोणता भाग बदलला याची नोंद तारीख व शिक्क्यासह मागून घ्यावी. आम्हाला ती मागितल्यावरच मिळाली.